दहा वॅट

हेस्टविकाच्या धक्क्याला फेरी लागते
दिवसातून अठरा वेळा,
दर वेळी सात मिनिटं.
ना केबल, ना प्लग.
धक्क्याच्या भिंतीत तांब्याचं एक वेटोळं,
बोटीच्या कुशीत दुसरं,
मधे वीतभर खारट हवा.
त्या वीतभरातून एकशेवीस किलोवॅट
कुणाच्या नजरेस न पडता पलीकडे जातात.
लोक गाडीतच बसून असतात,
काचेवरची वाफ बाहीने पुसत.

हवेबद्दल माझी तक्रार नाही. हवा इमानी आहे.
गळती होती ती करड्या कपाटात,
जिथे कन्व्हर्टर सेकंदाला पंच्याऐंशी हजार वेळा
प्रवाहाला कूस बदलायला लावतो
आणि प्रत्येक कुशीला चिमूटभर सांडतो.
चिमटी-चिमटीने सात किलोवॅट.
"आतबट्ट्याचा व्यवहार," हॉल्गेर फोनवर म्हणाला,
"सिन्नोव, मार्चच्या आत काहीतरी कर."

कपाटाच्या छपरावर बर्फ टिकत नसे.
तिथे झोपायचा एक तपकिरी बोका,
डाव्या कानाला खाच,
कुणाचाच नसलेला.
ओडवार, फेरीचा दोरवाला, त्याला म्हणायचा लेन्समान,
म्हणजे फौजदार,
कारण फेरी आली की एक डोळा उघडून
उतरणाऱ्या गाड्या मोजायचा, आणि पुन्हा मिटायचा.

स्विच मिटवणं म्हणजे वाऱ्यातलं दार लोटणं.
भलत्या वेळी लोटलं तर आपटतं, चौकट हादरते.
वारा दम घेतो तेवढ्यात लोटलं
तर आवाजसुद्धा होत नाही.
व्होल्टेजही असाच दम घेतं, शून्यावर,
डोळ्याचं पातं लवायच्या लाखाव्या हिश्श्याइतकं.
तेवढ्यात दार लोटायचं.
एवढंच माझं काम.

पण समुद्र स्वस्थ बसेल तर ना.
भरतीला बोट वर, ओहोटीला खाली,
वेटोळी एकमेकांना तिरकी पाहतात,
आणि ते शून्य
काल होतं तिथून सरकलेलं असतं.
तीन आठवडे मी त्याच्या मागावर.
बोटं बधिर, ऑसिलोस्कोपवर हिरवी रेघ,
दुपारी तीनलाच पडलेली रात्र.
शेवटी कंट्रोलरला शिकवलं:
वेळ ठरवून जाऊ नकोस,
दर खेपेला दाराशी उभा राहा,
वाऱ्याला विचार.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला सात किलोवॅट
दोनवर आले.
पंखा सुरूच झाला नाही.
मी कपाटाला हात लावला,
आजाऱ्याच्या कपाळाला लावतात तसा.
ताप उतरला होता.

त्या रात्री बर्फ पडला.
सकाळी कपाटाच्या छपरावर चार बोटं जाडीचा थर,
सपाट, कुठेही न खचलेला.
कुठल्याही मीटरहून स्वच्छ पुरावा.
मी फोटो काढला, हॉल्गेरला पाठवला.
मग दिसले ठसे.
जाळ्यांच्या ढिगाऱ्याकडून आलेले,
कपाटापाशी थांबलेले,
तिथे बर्फ जरा दाबला गेलेला, बसून पाहिल्यासारखा,
आणि माघारी फिरलेले.

ओडवारने काही दोष दिला नाही.
दोर गुंडाळता गुंडाळता फक्त विचारलं,
"त्याला किती लागत असेल गं, त्या सातातलं?"
मी हातमोजा काढून पावतीच्या पाठीवर हिशेब केला.
अंगाचं क्षेत्रफळ, केसांची जाडी, उणे आठ.
"दहा वॅट," म्हटलं. "जास्तीत जास्त बारा."
तो हसला नाही.
"म्हणजे बाकीचं सगळं
खरंच वाया जात होतं."
"हो."
"बरं," तो म्हणाला, आणि फेरीवर चढला.

अहवालात मी सगळं लिहिलंय:
अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन टक्के,
भरती, ओहोटी, तिरकेपणा, तक्ते.
'इतर भार' या रकान्यात दहा वॅट.
कपाटामागे, वाऱ्याच्या आडोशाला, एक पेटी,
तिच्या तळाशी हीटरची पट्टी,
वर ओडवारचा जुना स्वेटर.
हॉल्गेर विचारेल, हे काय.

पेटी कोमट आहे.
आज सहावा दिवस.
माशाचं एक डोकं नाहीसं झालंय,
पण ते सीगलनेही नेलं असेल.